दर तोच आहे की, सर

बेळगावच्या शहापुरात माझं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम आहे. फोटो मी काढत नाही. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंतचे फोटोग्राफर लग्न उरकलं की रातोरात फाईली नेटवर चढवतात. मी त्या उतरवून घेतो, निवड करतो, बारा बाय छत्तीसच्या शीट लावतो आणि तयार पानं छपाईसाठी लॅबला पाठवतो. एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो, एकेक कच्ची फाईल पंचवीस-तीस एमबीची. म्हणजे नुसत्या फोटोंचेच शंभर जीबी. व्हिडिओचं काम सोबत घेतलं तर हिशोब दुप्पट-तिप्पट होतो. चढवणं आणि उतरवणं दोन्ही नेटच्या महिन्याच्या मर्यादेत मोजलं जातं, हे बऱ्याच गिऱ्हाइकांच्या गावीही नसतं.

म्हणून दसऱ्याला मी ब्रॉडबँडचे वर्षाचे पैसे एकदम भरले होते. ९६०० रुपये. १०० एमबीपीएस वेग, महिन्याला ३३०० जीबी, ते संपले की पुढचा महिना लागेपर्यंत २ एमबीपीएस. तिन्ही आकडे पावतीवर छापलेले. पौषापर्यंत काही अडलं नाही. माघात मुहूर्त सुरू झाले आणि महिना अर्ध्यावर येतो न येतो तोच वेग बसला.

आमच्याकडे नेट बसलं की पहिला संशय जेसीबीवर. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हापासून कुठला ना कुठला रस्ता उकरलेला असतोच. पण डब्यावरचा लाल दिवा लागला नव्हता, म्हणजे फायबर शाबूत होती. केबलवाल्या पोराला फोन केला. त्यानं माझ्याकडून ॲप उघडून घेतलं. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं : १००० पैकी १००० वापरून झाले. प्लॅनचं नाव तेच, दर तोच, वेग तोच. फक्त ३३०० च्या जागी १००० येऊन बसले होते.

२ एमबीपीएसवर एक जीबी उतरायला तासाहून जास्त लागतो. खानापूरच्या एका लग्नाचे शंभर जीबी पडून होते, त्यांना साडेचार दिवस लागले असते, तेही संगणक रात्रंदिवस चालू ठेवून. नवरदेव पुण्यात नोकरीला. सुट्टी संपायच्या आत त्याला फोटो निवडून द्यायचे होते. शेवटी फोटोग्राफरच मोटारसायकलवर हार्ड डिस्क घेऊन आला.

केबलवाल्याकडं गेलो तेव्हा तिथं आधीच चार माणसं उभी होती. येळ्ळूर रोडला ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या एक बाई, एक मोबाईल दुरुस्तीवाला, असेच कोण कोण. पोरगं स्प्लायसिंग मशीनवर मान घालून फायबर जोडत होतं आणि मान वर न करताच सगळ्यांना एकच उत्तर देत होतं. "मला पण ग्रुपवर मेसेज आला तेव्हाच कळलं ओ काका. कंपनीनं वरून बदललंय." त्याच्यावर ओरडण्यात काही अर्थ नव्हता. मर्यादा ठरवतं कोण दूर बसलेलं, आणि शिव्या खातो गल्लीतला पोरगा.

मला कंपनीकडून काहीच कळवलं नव्हतं असं नाही. मागचे एसएमएस चाळले तर ओटीपी आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत एक सापडला. रात्री उशिरा आलेला, इंग्रजीत. धोरणात सुधारणा केली आहे, तपशिलासाठी लिंक पाहा, एवढंच. जुना आकडा नाही, नवा आकडा नाही, कधीपासून तेही नाही. लिंक उघडली की लांबलचक अटी, आणि १००० हा आकडा पार खाली.

मग कस्टमर केअर. कन्नड, इंग्रजी, हिंदी यांतलं एक निवडा म्हणाले, मी कन्नड निवडलं. माझं कन्नड बाजारात घडलेलं. भाव करण्यापासून भांडणापर्यंत सगळं त्यात जमतं. पलीकडचा मुलगा अदबीनं बोलत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. "दर तोच आहे की, सर. वेग पण तोच. आम्ही काही वाढवलेलं नाही."

इथंच माझं डोकं फिरलं. ९६०० भागिले बारा, महिन्याला ८०० रुपये. ३३०० जीबीला ८०० म्हणजे जीबीला २४ पैसे. १००० जीबीला ८०० म्हणजे ८० पैसे. मला माल तिपटीहून महाग झाला होता आणि पलीकडचा मुलगा दर तोच असल्याचं सांगत होता. तेलाचा पिंप तोच ठेवून आतलं माप बदलावं, तसला प्रकार. दरवाढ केली असती तर निदान ती दरवाढ म्हणून दिसली असती. कंपनीला तारीख द्यावी लागली असती, लोकांनी दुसऱ्याशी तुलना केली असती. मर्यादा कापली की दरवाढ होते आणि दिसत मात्र नाही. वापराची मर्यादा हा किमतीचाच भाग आहे आणि तिला किमतीचेच नियम लागले पाहिजेत, एवढं एकच माझं म्हणणं होतं. पुढं जे काही केलं ते याच मुद्द्यावर केलं.

तो मुलगा आणखी एक म्हणाला : "बहुतेक लोकांना एवढं लागतच नाही, सर." हे खरंच असणार. मोबाईलवर मालिका आणि क्रिकेट बघणाऱ्या घराला १००० जीबी भरपूर. पण बहुतेकांना लागतच नसेल, तर ज्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ दिलेत त्यांची जुनी मर्यादा मुदत संपेपर्यंत तशीच ठेवायला कंपनीला खर्च तरी कितीसा येणार? थोडेच लोक आहेत ना. मी हे विचारल्यावर त्यानं मला होल्डवर टाकलं.

आमच्या गल्लीत तात्या आहेत, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. सीमाभागात अर्ज लिहिणं ही एक विद्याच आहे. कुठला अर्ज कन्नडमध्ये टाकायचा, कुठला इंग्रजीत आणि कुठल्याला मराठी प्रत जोडायची, हे त्यांना पाठ. मी सगळं तावातावानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही राग लिहू नका. तारखा लिहा. आणि आधी तक्रारीचा नंबर घेतलाय का ते सांगा."

तो नंबर घेणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून इथं सविस्तर सांगतो. ट्राय म्हणजे टेलिफोन-इंटरनेट कंपन्यांवर नियमन ठेवणारं सरकारी प्राधिकरण. त्याच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे कंपनीनं प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे नोंदीचा क्रमांक, द्यायचा असतो. नुसतं फोनवर बोललात तर ते चौकशीत जातं. "तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर द्या" असं ठणकावून म्हणावं लागतं. तक्रारीचं उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं अपील करता येतं. फी नाही, ईमेल चालतो, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. निकालाआधी अपील एका सल्लागार समितीसमोर जातं, तिच्यात एक माणूस कंपनीचा आणि एक ग्राहक संघटनेचा. पुष्कळ लोक थेट ट्रायलाच पत्र लिहितात. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीच्या अपील प्राधिकरणाचा पत्ता मात्र त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो.

मी डॉकेट नंबर घेतला. थोड्याच दिवसांत एसएमएस आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. सोडवलं काहीच नव्हतं. तात्या खूश झाले. "आता अपिलाचा रस्ता मोकळा," म्हणाले.

अपिलाला काय काय जोडायचं यावर आम्ही त्यांच्या ओट्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. आकडा छापलेली पावती. ॲपमधला १००० चा स्क्रीनशॉट. तो मोघम एसएमएस. आणि मागच्या महिन्यांचा माझा वापर. तो ॲपमध्ये तक्त्यासारखा दिसतो, त्याचाही फोटो घेतला. मी नियमाबाहेर वागत नव्हतो, जे विकत घेतलं तेच वापरत होतो, हे त्यावरून दिसत होतं. नियमांचे आधारही लिहिले. ट्रायनं ऑक्टोबर २०१६ मध्ये फिक्स्ड ब्रॉडबँडवाल्यांना बजावलंय की मर्यादा किती, तोवर वेग किती आणि त्यानंतर किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, आणि ५०, ९० व १०० टक्के वापर झाला की कळवा. मला ५० टक्क्यांचाही निरोप आला नव्हता आणि ९० चाही.

तात्यांना आणखी जुनी एक गोष्ट आठवत होती. २००५-०६ च्या सुमाराला ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' प्रीपेड कार्डं निघाली होती, बाजारात त्यांची केवढी धूम होती. त्यानंतर २००६ साली ट्रायनं टेलिफोन कंपन्यांसाठी नियम केला : घेतलेला प्लॅन ग्राहकाला निदान सहा महिने मिळाला पाहिजे, आणि सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा म्हणून आगाऊ पैसे घेतले असतील तर ती मुदत संपेपर्यंत. हा नियम टेलिफोनसाठी लिहिलेला. आम्ही अपिलात तसंच म्हटलं, की पैसे आगाऊ घेतले तर मुदतीपर्यंत शब्द पाळावा, हा न्याय टेलिफोनला लागतो तर त्याच तारेतून येणाऱ्या इंटरनेटला का लागू नये.

मागण्या तीनच ठेवल्या. माझी वर्षाची मुदत संपेपर्यंत ३३०० जीबी चालू ठेवा. ते जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे काही न कापता परत द्या, मी दुसरीकडं जातो. आणि पुढं कधी मर्यादा बदलणार असाल तर जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि ग्राहकाचा स्वतःचा वापर, हे चारही एकाच निरोपात लिहा. तिसरी मागणी माझ्या फायद्याची नव्हती. तात्या म्हणाले असू दे, अर्जात एक ओळ दुसऱ्यासाठी असली की वाचणारा सावरून बसतो.

मर्यादा कशी सांगावी याचा एक बरा नमुना आमच्या घरातच चुंबकानं फ्रीजला चिकटवलेला असतो, हेस्कॉमचं विजेचं बिल. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना सुरू झाली. २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढवून तुमची मर्यादा ठरते. आमची सरासरी ८२, म्हणून मर्यादा ९० युनिट. तेवढ्यात राहिलं तर बिल शून्य, त्यापुढं २०० पर्यंत वरच्या युनिटांचे पैसे, २०० ओलांडले की सगळंच बिल. कागद कन्नडमध्ये असतो, पण आकडे कुणालाही कळतात, आणि आमच्या घरात दहावी नापास मावशीलाही आपले ९० माहीत आहेत. योजनेवर टीका करायला जागा आहे, ती निराळी. त्यातही पुढं एक दुरुस्ती झाली. ज्यांची सरासरी ३० युनिट, त्यांना दहा टक्के म्हणजे तीनच युनिट वाढीव. गरिबाला पंखा लावायलाही ते पुरत नव्हते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ४८ युनिटांच्या आतल्यांना टक्क्यांऐवजी सरसकट दहा युनिट जादा द्यायचं ठरलं. मर्यादा बदलताना ती कुणाला कशी लागते हे बघून बदलता येते, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

आमच्या धंद्यातल्या लोकांना गुगल फोटोजचं प्रकरणही चांगलं आठवतं. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद. फोटोग्राफरांनी तेव्हा बोटं मोडली. पण सहा महिन्यांहून जास्त मुदत दिली, त्या तारखेच्या आधी चढवलेले फोटो फुकटच्या १५ जीबीत मोजणार नाही म्हणाले, आणि तुमच्या आत्ताच्या वेगानं जागा किती काळ पुरेल याचा अंदाजही ज्याचा त्याला दाखवला. मे महिन्याच्या शेवटच्या रात्री आमच्या ग्रुपवर सगळे जुन्या हार्ड डिस्का उपसत बसले होते. फुकट सेवा होती, कुणाचा काही हक्क नव्हता, तरी ती इतक्या रीतीनं बंद केली.

याच्या उलट २०१५ चं वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची नेटवरची साठवण. पैसे भरणाऱ्यांना अमर्याद जागा मिळायची आणि मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबरात ती १ टीबीवर आणायचं ठरवलं, सोबत फुकटवाल्यांचे १५ जीबी ५ वर. कारण सांगितलं की काही जणांनी ७५ टीबीहून जास्त भरलंय. मोजक्यांनी भरलं म्हणून सगळ्यांचं कापलं, आणि बोल लावला तोही गिऱ्हाइकालाच. लोक इतके खवळले की डिसेंबरात माफी मागून, जे मागतील त्यांचे १५ जीबी ठेवू म्हणावं लागलं. अर्थात जे मागतील त्यांचेच.

कंपनीच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे. एक तार गल्लीतल्या अनेक घरांत वाटलेली असते, संध्याकाळी सगळेच बसतात, आणि माझ्यासारखा एक जण महिन्याला दोन-तीन हजार जीबी ओढत असेल तर शेजाऱ्याची मालिका अडकते. घरगुती प्लॅनवर अख्खं लॉज चालवणारेही आहेत. मर्यादा असावी, ती बदलावीही लागेल. पण ती पुढच्या पावतीपासून बदलावी. घेतलेल्या पैशांच्या मधोमध नको.

अपील पाठवून वाट बघत होतो तेव्हा तात्यांनी पुढची पायरीही सांगून ठेवली. अपिलात काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्य ऑफिस कुठंही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. टेलिफोन कंपन्यांविरुद्ध तिथं जाता येत नाही असं पूर्वी सांगत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं जाता येतं म्हणून निकाल दिला. माझ्या मनात शंका होती की मी नेट धंद्याला वापरतो, मग मी ग्राहक कसला? तर पोटापुरता स्वतःचा धंदा स्वतः करणारा कायद्यानं ग्राहकच आहे. हे ऐकून मला निम्मं जिंकल्यासारखं वाटलं.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. मुदतीच्या आत ईमेल आला : 'विशेष बाब' म्हणून आपल्या खात्यावर चालू मुदतीपर्यंत पूर्वीची मर्यादा पुन्हा देण्यात येत आहे. चूक झाली असं कुठंही म्हटलं नव्हतं. मधल्या काळात मी दुसऱ्या जोडणीवर खर्च केला होता, त्याबद्दल अवाक्षर नाही. तिसऱ्या मागणीला उत्तर नाही. ॲप उघडलं तर ३३०० परत आले होते.

मला ते 'विशेष बाब' झोंबलं. त्या दिवशी केबलवाल्याकडं उभ्या असलेल्या चौघांपैकी शिकवणीच्या बाईंनी माझ्याइतकेच पैसे भरले होते आणि पावतीवर त्यांचाही आकडा तोच होता. ज्यानं अपील केलं त्याचं परत, बाकीच्यांचं गेलं. एकाच चुकीबद्दल एकाला भरपाई देता, मग तीच पावती असलेल्या दुसऱ्याला का नाही? कंपनीकडं यादी आहे, कुणाकडून किती महिन्यांचे पैसे घेतलेत ते कळतं, एका बटणाचं काम आहे.

तात्यांनी माझ्या अपिलावरून एक कोरा नमुना करून दिला, इंग्रजीत, खाली मराठीत समजावून. केबलवाल्यानंच तो आपल्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला. कंपनीला कळलं तर त्याचं कमिशन अडायचं, तरी टाकला. शिकवणीच्या बाईंची मर्यादा परत आली. मोबाईल दुरुस्तीवाल्यानं तीस दिवस उलटून गेल्यावर पाठवलं, त्याचं फेटाळलं. तो आता आयोगाचा फॉर्म घेऊन तात्यांच्या ओट्यावर बसतो.

पुढच्या दसऱ्याला कंपनीनं वर्षाच्या प्लॅनवर एक महिना जादा देऊ केला. मी महिन्याचाच घेतला, दीडशे रुपये महाग पडतो तरी.